महिन्यांचा तक्ता नको, मातीत थर्मामीटर खुपसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही पंधरा-वीस हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी जमतो आणि घरी झाडं लावणाऱ्यांना विनामूल्य सल्ला देतो. 'कोणत्या महिन्यात काय लावायचं' याचा एक तक्ता करून वाटला. निम्म्या लोकांचं बी उगवलंच नाही, काहींचं उगवून बसून राहिलं. आता सुधारित तक्ता करावा का? आणि लोकांना भाजीच्या पुढे जाऊन एकूण निसर्गाची गोडी कशी लावायची?

तुमच्या तक्त्याचं जे झालं तेच आमच्याही तक्त्याचं झालं होतं, आणि तेही सलग तीन वर्षं. पहिल्या वर्षी आम्ही बियाण्याला बोल लावला, दुसऱ्या वर्षी हवेला, तिसऱ्या वर्षी 'लोक नीट पाणीच घालत नाहीत' असं म्हणून मोकळे झालो. चौथ्या वर्षी आमच्यातल्या एकीने वाफ्यात साधा थर्मामीटर खुपसून ठेवला आणि रोज सकाळी आकडा लिहायला लागली. दीड महिन्यात कळलं की चूक तक्त्याच्या पहिल्याच रकान्यात होती. तिथे महिना लिहिला होता.

बी महिना बघत नाही. त्याला ओल लागते, ऊब लागते आणि श्वासाला हवा लागते. यातली ऊब हवेची नव्हे, मातीची. टोमॅटोचं बी माती 25 ते 30 अंश सेल्सिअस असेल तर सुमारे सहा दिवसांत वर येतं. तेच बी 15 अंशांच्या मातीत दोन आठवडे घेतं आणि 10 अंशांच्या मातीत महिना उलटून गेला तरी वाट बघायला लावतं. एवढ्या दिवसांत ते कुजतं, किंवा मुंग्या नेतात, किंवा माणूस कंटाळून पुन्हा उकरून बघतो. भेंडीचं गणित आणखी कडक: 20 अंशांना अडीच आठवडे, 30 अंशांना आठवडाभर. लेट्यूसची तऱ्हा उलटी. ते 20 ते 25 अंशांना दोन-तीन दिवसांत उगवतं, पण माती 35 अंशांपर्यंत तापली की बी जिवंत असूनही झोपून राहतं. लोक म्हणतात बी खराब निघालं. बी चांगलं असतं, माती गरम असते.

आता हे एकाच गावात, एकाच तारखेला कसं वेगवेगळं होतं ते पाहा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकलेला काळ्या कुंडीतला वाफा आणि झाडाच्या सावलीतला जमिनीचा वाफा यांच्यात दुपारी सहज दहा अंशांचा फरक पडतो. (दक्षिणेकडची भिंत हे उत्तर गोलार्धासाठी. विषुववृत्ताच्या खाली राहणाऱ्यांनी उत्तरेकडची धरावी.) ओली माती सावकाश तापते, कोरडी पटकन. गच्चीवरच्या कुंडीला चारही बाजूंनी ऊन लागतं, जमिनीला फक्त वरून. मग 'अमुक महिन्यात पेरा' हे वाक्य यातल्या नेमक्या कोणाला उद्देशून आहे?

मोजायचं कसं, तेही सांगते, कारण इथेही लोक घोळ करतात. दुपारी दोन वाजता वरच्या पापुद्र्याचं तापमान घेऊन काही उपयोग नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, बी जितकं खोल जाणार तितक्याच खोलीवर, म्हणजे साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर, सलग चार-पाच दिवस मोजा आणि सरासरी धरा. एक दिवस ऊन पडलं म्हणून माती तापत नाही.

ओल आणि हवा या दोन गोष्टींसाठी आपल्या भाषेत एक शब्द आहे आणि तो एकच शब्द मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी शिकवते: वाफसा. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाण्याचा अंश आहे पण पोकळी पाण्याने गच्च भरलेली नाही, अशी स्थिती. मूठभर माती दाबा. पाणी ओघळलं तर वाफसा आलेला नाही. गोळाच होत नसेल तर तो निघून गेला. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर कामाला लागा. वाफसा नसताना खणलेली चिकणमाती विटेसारखी होते आणि ती पुन्हा भुसभुशीत व्हायला एखादा अख्खा हंगाम जातो.

तिसरी गोष्ट बीच्या नाही, वाढलेल्या झाडाच्या संदर्भातली: दिवसाची लांबी. 1920 साली गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात तो नुसता उंच वाढत जायचा, फुलायचाच नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र लहान असतानाच फुलायचा. त्यांनी उन्हाळ्यातल्या रोपांना रोज ठरावीक तास अंधाऱ्या खोलीत ठेवलं आणि ती फुलली. पुढे लक्षात आलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधाराचे तास मोजतं. याचा घरच्या बागेशी काय संबंध? 'शेवंतीला भरपूर पानं आहेत, कळी नाही' ही तक्रार दरवर्षी येते. मी आधी विचारते, रात्री कुंडीवर रस्त्याचा दिवा किंवा व्हरांड्यातला बल्ब पडतो का? बहुतेक वेळा पडत असतो. शेवंतीला लांब, अखंड रात्र हवी असते आणि मध्येच पडलेला उजेड तिचा हिशेब मोडतो. कुंडी चार फूट सरकवली की काम होतं. खताची एक चिमूटही लागत नाही.

कांद्याचंही असंच. काही वाण दिवस अकरा-बारा तासांचा झाला की गड्डा धरतात, काहींना चौदा तास किंवा जास्त लागतात. चुकीचा वाण घेतला तर नुसती पात. आणि डेंगळे (फुलांचे दांडे) येणं हा वेगळाच प्रकार आहे: रोप पेन्सिलएवढं जाड झाल्यावर बरेच दिवस थंडी सोसावी लागली तर ते 'हिवाळा संपला' असं समजून फुलोऱ्याला लागतं. म्हणून फार लवकर लावलेल्या कांद्यात डेंगळे जास्त. लोकांना वाटतं लवकर लावलं तर मोठा होईल. होतोही मोठा, आणि म्हणूनच फसतो.

तर तक्ता करू नका असं नाही. पहिला रकाना बदला. महिन्याच्या जागी लिहा: पेरताना मातीचं तापमान किमान किती, कमाल किती, रोपाला रात्रीची किती थंडी सोसते, पीक किती दिवस जागा अडवणार, आणि फुलण्याचा किंवा गड्डा धरण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे का. टोमॅटोपुढे आणखी एक ओळ हवी: रात्र साधारण 13 अंशांखाली गेली किंवा दिवस 35 अंशांच्या वर गेला की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. ही ओळ आम्ही घातल्यापासून 'फूलगळ थांबवायला कोणतं औषध मारू' हा प्रश्न निम्म्यावर आला. औषध नाही. हवा बदलेपर्यंत थांबायचं, दुपारी जाळीची सावली करायची.

पिकाचे दिवस हासुद्धा फसवा आकडा आहे. पाकिटावर 60 दिवस लिहिलेलं वाण कधी 60 तर कधी 75 दिवसांत येतं. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1735 मध्येच मांडलं होतं की झाड दिवस नव्हे, साठत गेलेली उष्णता मोजतं. आज हिशेब असा करतात: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान, त्यांची सरासरी, त्यातून पायाचा आकडा, म्हणजे ज्या तापमानाखाली पीक वाढतच नाही तो, वजा. उष्णता आवडणाऱ्या पिकांना तो साधारण 10 धरतात. कमाल 30, किमान 16 असेल तर सरासरी 23, वजा 10, म्हणजे त्या दिवसाची कमाई 13. कमाल 22 आणि किमान 10 असेल तर कमाई 6. दोन्ही दिवस कॅलेंडरवर सारखेच, पण झाडाच्या वहीत दुसरा दिवस अर्ध्याहून कमी. तुमच्यात एखादा आकड्यांचा नाद असलेला माणूस असेलच. हे काम त्याला द्या, तो खूश होईल.

आता तुमच्या बैठकीबद्दल. ज्या पद्धतीने तुम्ही काम करता तिला एक जुना दाखला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 1973 च्या सुमारास विद्यापीठाच्या कृषिविस्तार विभागाला शहरी लोकांच्या बागेविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देता देता पुरेवाट झाली. त्यांनी हौशी लोकांना प्रशिक्षण दिलं आणि बदल्यात फीऐवजी त्यांच्याकडून ठरावीक तास सल्ल्याचं काम मागितलं. 'मास्टर गार्डनर' ही पद्धत तिथून निघाली. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट प्रशिक्षण ही नाही, तर देणंघेणं सरळ असण्याची आहे: शिकलात ना, मग आता तेवढे तास बसा.

आणि बसल्यावर पहिलं काम उत्तर देणं नाही. विचारणं आहे. हे मी पायाला ठेच लागून शिकले. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ आले. 'मिरचीवर काळे, लांबट, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीसारखे किडे आलेत, शेंड्यावर चालतात.' मी ऐकलं आणि लगेच फवारा सांगितला. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा किडे गेले होते आणि मिरची माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, चिकट, काळी झाली होती. ते मगरीसारखे किडे म्हणजे ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या. एकेक अळी मोठी होईपर्यंत मावा शेकड्याने फस्त करते. मी राखणदार मारायला लावले होते. गृहस्थ सभ्य होते, काही बोलले नाहीत. उलट 'किडे गेले' म्हणून आभारच मानले. ते आभार मला अजून टोचतात.

तेव्हापासून आमच्या टेबलावर नियम आहे: किडा डबीत आणा किंवा जवळून फोटो आणा, पण नुसत्या वर्णनावर कोणी फवारा सांगायचा नाही. मावा दिसला तरी आधी भिंग. मध्ये-मध्ये फुगलेले, तपकिरी, कागदासारखे मावे दिसले तर त्यांच्या पोटात इवल्याशा परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू आहे आणि काम सुरू झालेलं आहे. दहा दिवस हात आवरा. मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. आणि 'नत्र किती घातलं?' हे विचाराच. कोवळी, रसरशीत, नत्राने फुगलेली पालवी म्हणजे माव्याला पंगत. शिवाय माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते आणि ती आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतात, त्यामुळे एका आठवड्याचा उशीर अंगाशी येतो हेही खरं. म्हणून बघायचं रोज, फवारायचं क्वचित.

पानं पिवळी पडण्याचा प्रश्न तुमच्याकडे सगळ्यात जास्त येत असणार. आम्ही तीन गोष्टी विचारतो. जुनी पानं की नवी? झाडाच्या आत नत्र इकडून तिकडे हलवता येतं, त्यामुळे कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं आणि खालची पानं आधी पिवळी होतात. लोह हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. दुसरं, एकाच जातीच्या झाडांना की शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांनाही? वेगवेगळ्या जातींना एकदम, सारख्याच पद्धतीने झालं असेल तर सहसा रोग किंवा कीड नसते. पाणी, ऊन, खत, उडालेलं तणनाशक असलं काही असतं. रोग एका जातीवर, इथे-तिथे, वाढत जाणारा असतो. तिसरं, मूळ पाहिलं का? कुंडीतलं रोप अलगद उपटून पाहायला लोक घाबरतात. घाबरू नका. मुळं पांढरी असतील तर बरं, तपकिरी आणि गिळगिळीत असतील तर पाणी जास्त झालंय, आणि तुम्ही खत सांगितलं असतंत तर उरलंसुरलं रोपही गेलं असतं.

पाण्यावर फार लिहीत नाही. दोन बोटं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या, द्याल तेव्हा खोलवर द्या. आठवड्याला 25 मिलिमीटर हा सर्वसाधारण आकडा म्हणजे एका चौरस मीटरला 25 लिटर. एकदा बादलीने मोजून बघा, आपण फारच कमी किंवा फारच जास्त घालतो हे कळतं.

एक मात्र स्पष्ट सांगते: चांगल्या हेतूने फिरणाऱ्या युक्त्या स्वयंसेवकांनीच पसरवलेल्या असतात. कुंडीच्या तळाशी खडे घाला म्हणजे निचरा होतो, ही त्यातली सगळ्यात चिवट. होतं उलटं. बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खड्यांत सहजी उतरत नाही. वरची माती गच्च भरेपर्यंत ते तिथेच अडकतं. म्हणजे खड्यांमुळे ओलीचिंब पट्टी वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. तळाला भोक हवं आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण हवं, बस्स. टोमॅटोचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं, ही दुसरी. बूड काळं पडतं ते फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने, हे बरोबर. पण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं आणि तो प्रवाह फळापेक्षा पानांकडे जास्त असतो. पाणी एक दिवस तुडुंब, तीन दिवस नाही, असं झालं की मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहतं. टरफलं तर विरघळायलाच फार काळ घेतात. पाणी नियमित करा आणि बुंध्यापासून थोडं अंतर सोडून पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. झेंडूचंही थोडं तसंच आहे. मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर (मातीतल्या सूक्ष्म जंतांवर) काही जातींच्या झेंडूची मुळं खरोखर परिणाम करतात, पण त्यासाठी सगळा वाफा हंगामभर दाट झेंडूखाली ठेवावा लागतो. कोपऱ्यात दोन रोपं लावली तर फुलं मिळतील. फुलं मिळणं काही वाईट नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, निसर्गाची गोडी. आम्ही यासाठी आधी व्याख्यानं ठेवली. लोक आले, टाळ्या वाजवल्या, गेले. गोडी लागली ती वहीने, आणि तीही अपघाताने. तापमानाच्या आकड्यांशेजारी जागा रिकामी होती म्हणून कोणीतरी लिहिलं, 'आज भोपळ्याला पहिलं फूल, नर.' दुसऱ्याने लिहिलं, 'माझ्याकडे अजून नाही.' मग तिसऱ्याने विचारलं, नर कसं ओळखलं? मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, नराला नसतो. आणि सुरुवातीला बहुतेक नरच येतात, म्हणून 'फुलं येऊन गळतात' अशी हाकाटी होते. एका नोंदीतून इतकं निघालं. पुढच्या आठवड्यात दोघीजणी सकाळी सहाला वेलापाशी उभ्या होत्या, मादी फूल उमलताना आत कोण शिरतं ते बघायला.

टोमॅटोच्या फुलाजवळही असंच उभं राहायला लावा. त्याचे पराग एका नळीत बंद असतात आणि टोकाच्या भोकातून बाहेर पडायला फूल हादरावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही. मोठा काळा भुंगा मात्र फुलाला मिठी मारून असा काही घुमतो की पराग भुरभुरतात, आणि त्या घुमण्याचा सूर त्याच्या उडण्याच्या सुरापेक्षा वेगळा असतो. हा फरक एकदा कानाला कळला की माणूस आयुष्यभर टोमॅटोपाशी थांबतो. भुंगे नसलेल्या बंद गच्चीत विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला टेकवला तरी चालतं, हे सांगितलं की मुलं सगळ्यात आधी तेच करून बघतात.

अशा नोंदींना मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये नॉरफकला रॉबर्ट मार्शम नावाच्या एका जमीनदाराने 1736 मध्ये पहिली पालवी, पहिलं फूल, पहिल्यांदा ऐकलेला बेडूक अशा तारखा लिहायला सुरुवात केली, आणि त्याच्या घराण्यात हे काम 1958 पर्यंत चाललं. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून जुळवता येतात. ऋतू किती सरकले हे आज शास्त्रज्ञ याच वह्यांतून काढतात. लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्या हेतूने लिहिलं नव्हतं.

तुमच्या गटासाठी वहीची मांडणी साधी ठेवा. प्रत्येकाने एकच झाड निवडायचं, आपल्या रोजच्या वाटेवरचं, शक्यतो स्वतः न लावलेलं. आठवड्यातून दोनदा, त्याच जागी उभं राहून दहा मिनिटं. मातीचा आकडा, आकाश कसं होतं, झाडावर काय दिसलं. फुलपाखराचं नाव माहीत नसेल तर रंग लिहा, ते कशावर बसलं होतं ते लिहा. नाव मागाहून कळतं. दोन वर्षांच्या वह्या जमल्या की तुमच्या वस्तीपुरत्या खुणा हाती येतात: अमुक झाडाला पालवी फुटली की माती साधारण अमुक अंशांवर असते, म्हणजे भेंडी पेरायला हरकत नाही. हा तक्ता छापून वाटा. तो शेजारच्या गावात लागू पडेलच असं नाही, आणि ते त्यांना सांगा.

एक बारकी सूचना, जी आम्हाला फार उशिरा सुचली. काहीच दिसलं नाही त्या दिवशी पान कोरं सोडू नका. 'काही नाही' असं लिहा, तारखेसकट. पहिलं फूल 14 तारखेला आलं असं तुम्ही म्हणता तेव्हा ते 12 तारखेला नव्हतं याची नोंद लागते, नाहीतर 14 ही फक्त तुम्ही तिथून गेलात त्या दिवसाची तारीख असते.